सुरुवातीला किती

३ जानेवारी १९७४, गुरुवार

डायरी औषधकंपनीची आहे, फुकट मिळालेली. प्रत्येक पानाच्या तळाशी खोकल्याच्या औषधाची जाहिरात. मी ती डाव्या हातानं झाकून लिहितेय, म्हणजे पान माझं वाटतं.

निकाल लागून तीन आठवडे झाले. महादेवी मडिवाळप्पा कलशेट्टी, नर्सिंग, पहिला वर्ग. असं पूर्ण नाव लिहिलं की ते कुणा दुसऱ्याच बाईचं वाटतं, चष्मेवाल्या, भारदस्त. दुपारी वसतिगृहाच्या गच्चीवर बसून तिचाच विचार करत होते. पेठेतून मागांची खटखट येत होती, ऊन मऊ होतं. माझ्याबरोबर शिकलेल्या राजमणीनं हाका मारल्या त्या मला ऐकूच आल्या नाहीत. वर येऊन म्हणाली, "कुठं गेलीवतीस?" मी म्हटलं, "हितंच की." खरं तर खोलीत गेले होते.

ती खोली अजून मिळालेली नाही, पण मला ती पाठ आहे. दक्षिणेला खिडकी, बाहेर लिंब, कोपऱ्यात स्टोव्ह. उंबऱ्यापाशी ऊन येतं आणि त्या उन्हात अव्वा बसलीय, माझी आई. काही करत नाही, हात मांडीवर ठेवून नुसती बसलीय. तिला असं बसलेलं मी कधी पाहिलेलंच नाही, त्यामुळं तिचा चेहरा काही केल्या नीट दिसत नाही.

अप्पा गेले तेव्हा मी सहा वर्षांची होते. अव्वा मला घेऊन मैंदर्गीला भावाच्या घरी आली ती तिथंच राहिली. गुरुलिंगमामा चांगले आहेत. किराण्याचं दुकान, घरात माणसांचा मोठा बारदाना, तरी मला शिकू दिलं. पण त्या घराच्या सगळ्या भाकऱ्या सोळा वर्षं एकटी अव्वा थापतेय. तिला तिथून आणायचंय, आपल्या खोलीत, माझ्या पगारावर. बाकी जगात काय चाललंय ते चालू दे.

पगाराची काळजी नाही. नाताळात घरी गेले तेव्हा मामांनी दुकानात सगळ्यांना पेपरातली जाहिरात वाचून दाखवली. ट्रस्टच्या हॉस्पिटलात स्टाफ नर्सेस पाहिजेत, वेतनश्रेणी १६५-५-१९५-८-२७५. मामांनी आधीचे आकडे पुटपुटले आणि "दोनशे पंच्याहत्तर" एवढंच खणखणीत म्हणाले. गूळ घ्यायला आलेला निंगप्पा हातातला गूळ विसरून माझ्याकडं बघत राहिला. मीही नीट विचार करून बघितलाय. पहिला आकडा काठावर पास झालेल्यांचा, मधला दुसऱ्या वर्गाचा आणि शेवटचा पहिल्या वर्गाचा. पाच आणि आठ कशाचे ते कळलं नाही, बहुतेक धुलाईभत्ता असावा.

६ जानेवारी, रविवार

राजमणी आणि मी खोल्या बघत फिरलो. राजमणी साखर पेठेतली, घरात तेलगू, दारात माग. तिचे वडील चादरी विणतात. तिला पेठेतला प्रत्येक बोळ माहीत आहे आणि प्रत्येक घरमालकाची खोड माहीत आहे. मी खिडक्या बघत होते, ती मोऱ्या बघत होती.

एक खोली आवडली. लिंब नाही, पण समोरच्या माळवदावर रंगवलेलं सूत वाळत घातलेलं, जांभळं आणि हिरवं. अव्वाला बघायला रंग तरी असतील. भाडं चाळीस. मी तिथल्या तिथं हो म्हणून टाकलं. मालकीण म्हणाली, महिनाअखेरपर्यंत थांबते.

येताना राजमणी म्हणाली, "पगार ठरायच्या आधी खोली ठरवलीस."

"पेपरात छापलाय की पगार."

"छापू दे. जाऊन विचार. हातात किती देणार, ड्यूटी किती, राहायचं कुठं."

मला कसंसंच झालं. आपल्या सिस्टर ट्यूटर सांगायच्या, ज्या हातानं रोग्याची नाडी धरायची तो हात पैशासाठी पुढं करायचा नाही. आणि आमच्या घरातही असं कुणी विचारत नाही. देणारा देतो, घेणारा डोळ्याला लावून घेतो.

राजमणी म्हणाली, "आमच्यात सुताला हात लावायच्या आधी मजुरी ठरते. मागनं बोललं तर मालक म्हणतो, आधी का बोलला नाहीस."

ती विणकराची, मी नर्स. आता तीही नर्सच आहे म्हणा. तरी माझं मत बदललं नाही.

१४ जानेवारी, सोमवार

गड्ड्यावर, सिद्धेश्वराच्या जत्रेला जाऊन आले. नंदीध्वज बघताना मान दुखायला आली तरी खाली बघवेना. एवढी उंच काठी एक माणूस कमरेवर तोलतो, भोवती सगळं सोलापूर लोटलेलं, आणि तो मात्र एकटा असल्यासारखा वर बघत चालतो. मी मनात म्हटलं, सिद्धेश्वरा, पुढच्या वर्षी अव्वा माझ्या शेजारी उभी असू दे. ती मैंदर्गीत राहते, म्हणजे काही लांब नाही, पण सोळा वर्षांत एकदाही तिला ही जत्रा दिसली नाही. सणाच्या दिवशी तर चुलीपासून हलताच येत नाही.

नंतर पाळणे, फुटाणे, बांगड्या. भांड्यांच्या दुकानापुढं उभी राहून मी अख्खा संसार घेतला. दोन ताटं, दोन वाट्या, एक तांब्या, परात. सगळं मनातल्या मनात. राजमणीनं शेवटी हाताला धरून ओढलं.

१९ जानेवारी, शनिवार

आज मुलाखत झाली. लिहावं की नाही कळत नाही.

टेबलापलीकडं तिघं जण बसले होते. दोन धोतरवाले वयस्क विश्वस्त आणि मेट्रनबाई. खिडकीतून उन्हाचा पट्टा येत होता आणि त्यात धूळ तरंगत होती. मी त्या धुळीत रमले होते, तेवढ्यात एका विश्वस्तांनी विचारलं, "पगाराची काय अपेक्षा आहे?"

मी म्हटलं, "दोनशे पंच्याहत्तर."

त्यांनी चष्मा खाली केला. "कसे काय?"

"मला पहिला वर्ग आहे."

आणि वर मी ते वर्गांचं सगळं समजावूनही सांगितलं. काठावरचे, दुसरे, पहिले. दुसरे विश्वस्त खोकल्याचं निमित्त करून रुमालात हसले. मेट्रनबाई हसल्या नाहीत. मला बाहेर घेऊन आल्या आणि भिंतीशी उभं करून हळू आवाजात सांगितलं. वर्ग कुठलाही असो, सुरुवात एकशे पासष्टावर. दर वर्षी पाचाची वाढ, पुढं आठाची. दोनशे पंच्याहत्तर व्हायला सोळा वर्षं लागतात. महागाई भत्ता मिळतो तो बहुतेक मेसमध्ये कापला जातो. आणि पहिलं वर्ष क्वार्टरमध्येच राहायचं, बाहेर खोली करता येणार नाही, नियम आहे.

मी विचारलं, "आई सोबत राहिली तर?"

"क्वार्टरमध्ये आई कशी राहील, कलशेट्टी?" त्या म्हणाल्या. "वर्षच आहे. विचार कर. राजमणी आलीय कालच, तिनं घेतली जागा. आणखी जागा आहेत, महिना-दीड महिना भरायच्या नाहीत."

चालत चालत तळ्यावर गेले. पाण्यात किल्ल्याची तटबंदी उलटी दिसत होती, बराच वेळ तीच बघत बसले. मला पगाराचं एवढं वाईट वाटलं नाही. एकशे पासष्टातही आम्ही दोघी राहिलो असतो. पण आणखी एक वर्ष अव्वा तिथंच, हे काही सहन होईना, आणि मी तिथं पायरीवर बसून रडले.

२४ जानेवारी, गुरुवार

देव आहे.

सात रस्त्याकडं होनराव डॉक्टरांचं प्रसूतिगृह आहे. दुसऱ्या वर्षाला ते आम्हाला शिकवायला यायचे. आज रस्त्यात गाठ पडली, माझा चेहरा बघून त्यांनी गाडी थांबवली आणि विचारपूस केली. मी सगळं सांगितलं. म्हणाले, "माझ्याकडं ये. सव्वादोनशे देतो, श्रेणीबिणीची भानगड नाही. वर गच्चीवर खोली आहे, फुकट राहा. आईलाही घेऊन ये."

आईलाही घेऊन ये. मी काहीच न विचारता त्यांनी हे म्हटलं.

खोली बघून आले. लहान आहे, पण तिन्हीसांजेपर्यंत ऊन असतं. डॉक्टरांच्या मिसेस, त्यांना सगळे ताईसाहेब म्हणतात, त्यांनी मला बशीत घालून चिवडा दिला. "आमच्याकडं नोकरमाणूस असं कुणी नाही," म्हणाल्या, "सगळी घरचीच." माझं सर्टिफिकेट डॉक्टरांनी स्वतःच्या लोखंडी कपाटात ठेवलं. गच्चीवरच्या खोलीत उंदरांनी कुरतडलं तर काय, म्हणाले. इतकं बारीक कोण बघतं दुसऱ्यासाठी.

राजमणीला सांगितलं. तिनं लगेच विचारलं, ड्यूटी किती तासांची? मी म्हटलं, तुला चांगलं काही बघवतच नाही का. त्यावर तिनं विषय बदलला आणि मलाच वाईट वाटलं.

२७ जानेवारी, रविवार

अव्वाला आणलं.

मामांना जड गेलं. पहिल्यांदा दोनशे पंच्याहत्तरांचं काय झालं ते विचारलं. मी म्हटलं, खोली फुकट आहे, सगळं धरलं तर तेवढेच होतात. मग ते दुकानात जाऊन पोती उगाच इकडची तिकडं करत बसले. चन्नम्मामामी फार रडली. मला इतकं भरून आलं. एवढी माया होती तर कधी दिसली कशी नाही. अव्वाला घट्ट धरून म्हणत होती, "उद्यापासनं मी काय करू वो."

अव्वाचं सामान म्हणजे एक गाठोडं आणि पूजेची पेटी. एस.टी.त खिडकीशी बसली. ती माझ्याशी कानडीतच बोलते, मी इथं मराठीत उतरवतेय. तिनं विचारलं, ते आकड्याचं काय होतं गं? मी समजावलं. सरकारी धाटणीचा पगार असतो तिथं एक आकडा सुरुवातीचा असतो, मग दर वर्षी वाढ असते, शेवटचा आकडा फार पुढं येतो. मामांनी नुसता शेवटचा वाचला.

"म्हणजे दोन गोष्टी विचारायच्या असतात," अव्वा म्हणाली. "सुरुवात किती आणि वाढ किती."

"हं."

"तू काय विचारलंस?"

"मला विचारावंच लागलं नाही अव्वा. खोलीसुद्धा फुकट दिली त्यांनी."

"फुकट," ती म्हणाली. मग अक्कलकोट येईपर्यंत बाहेरच बघत होती. शेतात ज्वारी निसवलेली होती, वाऱ्यानं सगळं रान डुलत होतं. पहिल्यांदाच कुठंतरी निघालीय, तिलाही ते स्वप्नासारखं वाटत असणार.

३ फेब्रुवारी, रविवार

आज दुपारी ते घडलं. मी खालून वर आले आणि अव्वा गच्चीच्या उन्हात बसली होती, हात मांडीवर. मी जिन्यातच थांबले. गिरणीचा भोंगा झाला, कबुतरं उठली, आणि ती तशीच बसलेली. मला वाटलं, आता मला काहीही नको.

तिनं मला बघितलं आणि म्हणाली, "काय करू गं मी इथं दिवसभर?" मी म्हटलं, काही करायचं नाही, म्हणून तर आणलं. ती हसली नाही. दमली असेल.

ताईसाहेबांना अव्वाची शेंगाचटणी फार आवडली. संध्याकाळी खाली बोलावून घेतलं, जरा दाखवा म्हणाल्या, कशी कुटता. अव्वालाही सोबत झाली.

११ फेब्रुवारी, सोमवार

अव्वा रमली. पहाटे पूजा आटोपून खाली जाते ती दुपारी वर येते, पुन्हा जाते. आधी फक्त चटणी होती, आता पेशंट आणि त्यांच्याबरोबरच्या माणसांच्या भाकऱ्याही तीच करते. पूर्वीची स्वयंपाकीण बाई सोडून गेली म्हणे. सगळे नाव काढतात. चार नंबरच्या बाळंतिणीची सासू, मुक्ताबाई म्हणून आहे, जुन्या गिरणीच्या चाळीपाशी तिची खानावळ आहे. ती मुद्दाम स्वयंपाकघरात जाऊन अव्वाचे हात बघून आली. "तीस गिऱ्हाईक जेवतंय माझ्याकडं," मला म्हणाली, "पर आसली भाकर न्हाय पडत माझ्या तव्यावर."

डॉक्टरांनी आज माझ्या खोलीत घंटेची तार ओढून घेतली. खाली बटण, वर माझ्या उशाशी घंटा. म्हणाले, "तुझ्याशिवाय कुणावर माझा भरवसा नाही." दिवसाची ड्यूटी आहेच, रात्रीची सिस्टर आता येत नाही, गरजच नाही उरली. मी हल्ली उभ्या उभ्या झोपते. चालताना जमीन मऊ लागते, गादीवरून चालल्यासारखी. दिवे लांब जातात, जवळ येतात. तसं छान वाटतं ते, सगळं कसं दुरून घडतं.

१७ फेब्रुवारी, रविवार

राजमणी आली होती. तिला आठवड्याची सुट्टी असते. नवी चप्पल घातली होती. गच्चीवर बसलो, बोलता बोलता माझा डोळा लागला. जागी झाले तेव्हा ती आणि अव्वा हळू आवाजात बोलत होत्या, एक तेलगूवाली, एक कानडीवाली, दोघींचं मोडकं मराठी. मी उठताच थांबल्या.

राजमणी म्हणाली, "दोन माणसांचं काम करतीस. तीन म्हण, आईला धरून."

मी म्हटलं, "आई काम करत नाही. ती आवड म्हणून जाते."

अव्वा पदरानं पीठ झटकत होती.

राजमणीला मी जरा टाकूनच बोलले. ती जिना उतरून गेली तेव्हा खाली बघून हाक मारावीशी वाटली, तेवढ्यात घंटा वाजली.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

काल महाशिवरात्र झाली. अव्वाला सिद्धेश्वराला न्यायचं ठरवलं होतं. ती पहाटेच न्हाऊन विभूती लावून तयार होती. पण ताईसाहेबांकडं भजनाला बायका येणार होत्या, त्यांच्या फराळाचं कोण बघणार. अव्वानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "पुढच्या वर्षी जाऊ." तिनं पायातल्या वहाणा काढल्या आणि खाली गेली. तिची पूजा दिवस कलल्यावर झाली.

सुगंध मात्र गच्चीपर्यंत येत होता, साबुदाण्याचा आणि धुपाचा. मी डोळे मिटून देवळात असल्यासारखी बसले थोडा वेळ.

१ मार्च, शुक्रवार

पहिला पगार. डॉक्टरांनी पाकीट दिलं, मी वाकून नमस्कार केला आणि पाकीट डोळ्याला लावलं. वर येऊन अव्वाच्या पायाशी ठेवलं. तिनं उघडलं. दीडशे होते.

मला वाटलं चुकून झालं. खाली जाऊन ताईसाहेबांना कसंबसं म्हटलं. त्या हसल्या. "अगं, दोघींचं जेवण नाही का? आणि दिवे, पाणी. आम्ही आपले अगदी बेतानं धरलेत." त्यांनी धरलंय ते बरोबरच असेल. जेवतो तर आम्ही दोघी.

अव्वाला तसंच सांगितलं. तिनं विचारलं, "माझं जेवण धरलं?"

"हो."

"आणि माझ्या भाकऱ्या?"

मी म्हटलं, "अव्वा, त्या आपल्याला घरच्यासारखं वागवतात." ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, झोप आता, तुझे डोळे आत गेलेत.

२ मार्च, शनिवार

सगळं क्रमानं लिहिते.

सकाळी मी बाहेर हात धूत होते. स्वयंपाकघरात तवा तापलेला, पीठ मळलेलं, आणि अव्वा पाटावर बसलेली, हात मांडीवर. ताईसाहेब तिला म्हणाल्या, "बसव्वा, लोक खोळंबलेत."

अव्वाचं मराठी बाजारापुरतं आहे. पण ते तिनं नीट लावून वापरलं. "ताईसाहेब, माजं काय ठरवलं तुमी?"

"कशाचं?"

"पगाराचं."

"अहो, तुम्ही तर घरच्याच."

"भावाकडं बी घरचीच व्हते की मी," अव्वा म्हणाली. "सोळा वर्सं. हितं लेकीच्या नोकरीवर आले. घरची व्हायला न्हाय आले."

ताईसाहेबांनी डॉक्टरांना बोलावलं. त्यांना गंमत वाटली. "द्या हो यांना महिन्याला पंधरा."

"ही सुरवात व्हय?" अव्वानं विचारलं. "आन वाढ किती? कवा?"

तव्यातून धूर निघायला लागला. डॉक्टर माझ्याकडं वळले, आवाज गोडच होता. "महादेवी, समजाव यांना. आपलं काय ठरलं होतं?"

मी आठवून बघितलं. खरंच आठवून बघितलं. गाडीची काच, चिवड्याची बशी, खोलीतलं ऊन, सगळं आठवलं. ठरलेलं काहीच आठवेना. मी म्हटलं, "काही ठरलं नव्हतं साहेब. मी विचारलंच नव्हतं."

इतका वेळ सगळं दुरून चाललं होतं ते या एका वाक्यानं जवळ आलं. स्वतःचाच आवाज मला मोठा वाटला. मला आईची लाज वाटत होती सकाळी, हे लिहून ठेवते. ते वाक्य बोलल्यावर लाज माझी मला वाटली.

ताईसाहेब म्हणाल्या, एवढं केलं त्याचं हे फळ. डॉक्टर म्हणाले, जायचं तर जा, पण वर्षभर राहशील म्हणून सर्टिफिकेट ठेवलंय, वर्षानं मिळेल.

मी रडायच्या बेतात होते. अव्वानं तवा उतरवला, वर गेली, गाठोडं आणि पूजेची पेटी घेऊन खाली आली, आणि बाहेरच्या बाकावर तपासणीला आलेल्या बायकांच्या मधे बसली. भांडली नाही की ओरडली नाही. कुणी विचारलं, मावशी कुणाला दाखवायचंय, की सांगायची, "मला काय न्हाय झालं. लेकीचा कागद डाक्टरांच्या कपाटात हाय. त्यो आला की निगालो." शनिवारची गर्दी, बायका येतच होत्या आणि प्रत्येक बाई विचारतच होती. मी तिच्या शेजारी बसले. तिच्या अंगाला पिठाचा वास येत होता. मला वाटतं मी तिच्या खांद्यावर झोपले.

उठले तेव्हा मुक्ताबाई आली होती, सुनेला तपासायला घेऊन. सगळं ऐकून तिनं कपाळाला हात लावला. "अगं बाई, ह्या भाकरीचं आमी जेवनामागं दीड रुपाया मोजला की हितं." बाकावरच्या सगळ्या बायका ऐकत होत्या. आतलं दार थोडं उघडं होतं.

जेवणवेळेच्या आत कंपाउंडर सर्टिफिकेट घेऊन बाहेर आला. अव्वाला वाचता येत नाही. तिनं ते उलटसुलट करून बघितलं, मला दिलं आणि विचारलं, "तुझंच आहे ना, बघ."

५ मार्च, मंगळवार

तीन रात्री राजमणीच्या घरी, मागाच्या खोलीत झोपलो. राजमणी ड्यूटी संपली की क्वार्टरवरून येऊन जायची, एका शब्दानं टोचून बोलली नाही. मीच म्हटलं, माझं चुकलं. ती म्हणाली, "झोप आधी." मी इतकी झोपले की राजमणीची आई तेलगूत काहीतरी पुटपुटत मधून मधून श्वास बघून जायची.

आज मेट्रनबाईंकडं गेले. जागा आहे. मी म्हटलं, विचारायचंय. सुरुवात किती ते माहीत आहे, हातात किती येतील? ड्यूटी किती तास? सुट्टी कुठल्या वारी? त्यांनी एकेक सांगितलं. कापून जाऊन हातात एकशे चाळीस. मग जरा हसल्या, "मागच्या वेळी तुला शेवटचा आकडा हवा होता." मी पण हसले. सही केली.

पण वर्षभर क्वार्टर. ते अव्वाला सांगायचं म्हणून परत येताना पाय ओढत होते. मैंदर्गीला परत जा असं मी तिला कोणत्या तोंडानं सांगणार होते.

तिला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी मुक्ताबाईकडं जाऊन आले. राजमणी आली होती सोबत."

"कशाला?"

"सुताला हात लावायच्या आधी," अव्वा म्हणाली आणि राजमणीकडं बघितलं. दोघींना हसू आलं. मला मेलीला कुणी काही सांगतच नाही.

७ एप्रिल, रविवार

माझी पहिली रविवारची सुट्टी. पगार झालाय, एकशे चाळीस, ठरल्याप्रमाणे. चाळीकडं चालत गेले. दुपारचा भोंगा होऊन गेला होता, खानावळीत शेवटची पंगत उठत होती. अव्वानं मागल्या दारी तोंड धुतलं आणि मला तिच्या खोलीवर नेलं. खानावळीच्या वरच आहे. खिडकी उत्तरेला. ऊन येत नाही, खाली गिरणीची भिंत दिसते. मी मनात जेवढ्या खोल्या रंगवल्या होत्या त्यातली ही एकही नव्हती. भिंतीवर तिनं खिळा ठोकून पेटी टांगलीय. काल एकटीच सिद्धेश्वराला जाऊन आली, रस्ता विचारत विचारत.

मी माझ्या पगारातले शंभर तिच्या पायाशी ठेवले. तिनं ते उचलून माझ्या हातात परत दिले. ठेव, म्हणाली, तुला लागतील.

"तुला किती ठरलेत?" मी विचारलं.

"साठ. दोन वेळचं जेवण. सुरुवातीला." मग म्हणाली, "दिवाळीला वाढ. सात."

त्या खोलीचं भाडं पंधरा, ते ती देते. मला इतकं भरून आलं, मी म्हटलं, अव्वा, मी तुला काही न करता बसवायला आणलं होतं गं. फक्त बसायचं, उन्हात. ती म्हणाली, "एक दुपार बसले होते की. फार भीती वाटली."

हे मला कळलं नाही. विचारीन कधीतरी.

मग आम्ही पुढच्या वर्षाचं बोललो. क्वार्टर सुटलं की मी राहायला येऊ का, असं मी विचारलं, जरा भीतभीतच. तिनं खोलीभर नजर फिरवली, माझी वळकटी कुठं मावेल ते बघितलं आणि ये म्हणाली. भाडं निम्मं निम्मं.